चूकठसा

रणजितनं घोडा वाचवला आणि डाव घालवला. काचेपलीकडे बसलेल्या दोघा शास्त्रज्ञांनी एकमेकांकडे बघून मान डोलावली. पाळण्यातल्या पोरानं पहिला शब्द काढावा, तसं कौतुक होतं त्यांच्या चेहऱ्यावर.

केतकीनं त्याचं निशाण उचलून आपल्या बाजूला ठेवलं. "हरलास."

"हरलो नाही. सरकारांचा मान राखला," रणजित म्हणाला. "वही कुठंय?"

शिंत्र्यांच्या घरात हरेल त्यानं डाव लिहून ठेवायचा, असा नियम होता. लग्नापासूनच्या अशा एकतीस वह्या साठल्या होत्या, दोन हस्ताक्षरांत. त्यात रणजितचं हस्ताक्षर जास्त.

खेळाचं नाव 'खिंड'. पाटावर आडवी पाच घरं, उभी सात. मधल्या ओळीत चार घरांवर डोंगर आणि एकच घर उघडं. दोन्ही फौजांना जायचं ते तिथूनच. प्रत्येकाकडे एक तोफ, दोन घोडे, चार प्यादी आणि एक निशाण. निशाण गेलं की डाव संपला. दुपारच्या चहाबरोबर मांडलेला डाव कप विसळायच्या आत संपायचा. म्हणून तर संसारात टिकला.

तीन वर्षांपूर्वी रणजितला झटका आला आणि मेंदूचा डावा भाग जवळजवळ गेला. दोन वर्षं तो छताकडे बघत पडून होता. मग मिरजेबाहेरच्या या सातत्य परीक्षण केंद्रात त्याच्या डोक्यात पूरकजाळ बसवलं: केसाहून बारीक तंतूंचं जाळं, मेलेल्या पेशींचं काम उचलणारं. नऊ महिन्यांत रणजित चालू-बोलू लागला, टोमणेही मारू लागला. आज ठरायचं होतं की हा टोमणे मारणारा माणूस रणजितच आहे, की त्याच्या जागी जाळ्यानं दुसराच कुणी उभा केलाय. रणजित असेल तर तो घरी जाणार. नसेल तर कायद्यानं जाळं बंद, आणि पुन्हा छत.

आपल्या छातीत आता धडधडायला हवं, असं केतकीला वाटलं. तिनं थोडी वाट पाहिली. काही झालं नाही. पाटावरची एक सोंगटी वाकडी होती, ती तिनं सरळ केली.

काचेपलीकडून डॉक्टर नाझनीन मुजावर आत आल्या. साठीच्या, ठसठशीत. त्यांच्यामागून गणिती पराग लोखंडे, हातात पातळ पडदा घेऊन.

"केतकीताई, हे कसं मोजतात ते कुणी धड सांगितलंय का तुम्हाला?" मुजावरांनी विचारलं. "का नुसतंच बसवलं दोन दिवस, चाळीस डाव खेळायला?"

"बसवलं."

"सांग रे बाबा. माणसासारखं सांग."

परागनं खुर्ची ओढली. "मॅडम, खिंड लहान खेळ आहे. यातल्या सगळ्या शक्य मांडण्या संगणकानं तपासून झाल्यात. कुठल्याही मांडणीत सगळ्यांत योग्य चाल कोणती, हे आम्हाला पक्कं माहीत असतं. बुद्धिबळात ते जमत नाही, तो खेळ फार मोठा आहे."

"बरं."

"आता योग्य चाल कुणीही केली तरी ती तीच असते. मी केली काय, तुम्ही केली काय. तिच्यात माणूस दिसत नाही. माणूस दिसतो तो चुकीत. कुठे चुकतो, किती चुकतो, कशासाठी चुकतो. त्याला आम्ही चूकठसा म्हणतो. अंगठ्याच्या ठशासारखा, कुणाचा कुणाशी जुळत नाही. तुमच्या सोळा वह्या आम्ही जाळ्याला शिकवायला वापरल्या. पंधरा सीलबंद ठेवल्या, जाळ्याला दाखवल्याच नाहीत. त्या पंधरांतला ठसा आणि या चाळीस डावांतला ठसा किती जुळतो, तो सातत्यांक. साठच्या वर गेला की माणूस तोच."

"आणि यांचा ठसा म्हणजे काय, ते मीसुद्धा सांगेन," मुजावर म्हणाल्या. "आपलं काही सोडवत नाही या गृहस्थाला. एक घोडा वाचवायला अख्खी फौज कापून देतो."

"घोडा मुका जीव आहे," रणजित म्हणाला.

"लाकडाचा आहे!"

परागनं पडदा वळवून दाखवला. "ब्याण्णव. अभिनंदन, शिंत्रेसाहेब. तुम्ही तुम्हीच आहात."

"मला शंका नव्हती," रणजित म्हणाला, पण त्याचे डोळे भरून आले. त्यानं केतकीचा हात धरला. तिनं तो धरू दिला. आनंद व्हायला हवा, हेही तिच्या लक्षात आलं. नातेवाईक तिला धीराची बाई म्हणत. तो धीर नव्हता. तीन वर्षांत तिच्या आत काही हललंच नव्हतं. भाजीत मीठ नसलं तरी ती जेवून उठे, आणि झोप छान लागे.

पराग मात्र उठला नव्हता. "आणखी एक रकाना आहे," तो म्हणाला. "खेळ दोघांचा. साहेबांच्या जुन्या चुका तुमच्या जुन्या खेळासमोरच्या आहेत. म्हणून समोरच्याचाही ठसा काढावा लागतो. तुमचा अंक अकरा आलाय, मॅडम."

"शंभरपैकी?"

"हो."

"यंत्र बिघडलं असेल," मुजावर म्हणाल्या.

"तीनदा चालवलं. वह्यांत मॅडमच्या शंभर चालींमागे बावीस चुका आहेत. प्यादं द्यायची वेळ आली की एक चाल उशीर करायच्या. आता शंभराला दोन. द्यायचं तेव्हा देऊन टाकतात, लगेच. जवळजवळ निर्दोष खेळ आहे."

"म्हणजे मी सुधारले," केतकी म्हणाली.

"खेळ सुधारला. पण…" त्यानं घसा साफ केला. "कायद्यात रुग्णाला नोंदीतल्या जोडीदाराच्या हवाली करायचं असतं. नोंदीत केतकी शिंत्रे आहेत. अंक साठच्या खाली असला की ती व्यक्ती ती नव्हे. तिला उत्तरव्यक्ती म्हणतात. म्हणजे मूळ व्यक्तीच्या पश्चात राहिलेली."

केतकीनं थोडा विचार केला. "म्हणजे मीच माझी विधवा."



"पराग, ही काय थट्टा आहे?" मुजावरांचा आवाज चढला. "बाई धडधाकट आहे. शुद्धीवर आहे. सांगतेय ना, मीच आहे म्हणून!"

"मागच्या वर्षी आपण तिघांची जाळी बंद केली, मॅडम. तिघंही शुद्धीवर होते. तिघंही म्हणत होते, मीच आहे. तुम्ही सह्या केल्यात." तो हे दुष्टपणे म्हणाला नाही. त्या तिघांमुळे त्याला झोप लागत नसावी. "आपण म्हणालो, बोलण्यावर जायचं नाही, अंकावर जायचं. मग तो अंक डोक्यात तार असलेल्यांनाच का लावायचा?"

मुजावर खाली बसल्या.

"उपाय आहे," पराग म्हणाला. "वह्यांतल्या अर्ध्या चाली मॅडमच्याच आहेत. त्यांच्यासाठीही पूरकजाळ विणता येईल. पेशी जिवंत असल्या तरी चालतं. मेंदूतल्या जुन्या वाटा उघडतात, नंतरच्या बुजतात. केतकी शिंत्रे परत येतील, आणि दोघं घरी जातील."

"मला नको," केतकी म्हणाली.

"उत्तरव्यक्तीच्या संमतीला किंवा नकाराला वजन नाही. ज्याचं सातत्य सिद्ध झालंय, अशा जवळच्या नातलगानं ठरवायचं." परागनं पडद्यावरचा अर्ज रणजितपुढे सरकवला.

गेली पंधरा मिनिटं तो नातलग तिचा हात धरून बसला होता.

"केतू," रणजित म्हणाला, "मला पहिल्या दिवसापासून कळत होतं गं. तू यायचीस, औषधं विचारायचीस, पाट मांडायचीस. सगळं बरोबर करायचीस. पण तू येतच नव्हतीस. मी म्हटलं, दमली असेल. येईल हळूहळू." तो रडत होता, तोंड न लपवता. "येशील ना परत? दुखणार नाही तुला. मला दुखलं नव्हतं."

"रणजित, मी इथेच आहे."

"असं तीही म्हणाली असती," तो मायेनं म्हणाला, आणि त्यानं सही केली.

तेव्हा केतकीला काहीतरी झालं. आधी तिला ते ओळखूच आलं नाही. मग कान तापले, आणि तिनं आपला हात रणजितच्या हातातून ओढून घेतला. राग होता तो. तीन वर्षांत पहिल्यांदा आत काहीतरी होतं.

"मला राग आलाय," ती म्हणाली.

मुजावर उठल्याच. "ऐकलंस, पराग? आलंय काहीतरी! रागात माणूस चुकतो. खेळव एक डाव. अंक बघ पुन्हा."

परागनं पाट मांडला, स्वतःच्या हातानं, घाईघाईनं. त्यालाही ते हवं होतं. केतकी खेळली. तोफ पुढे ढकलली, प्यादी खिंडीत कोंबली, रणजितच्या घोड्यांमागे वेड्यासारखी धावली आणि वीस चालींत आपलं निशाण घालवून बसली.

"नऊ चुका!" मुजावर म्हणाल्या.

परागनं पडद्याकडे पाहिलं. "अंक चार," तो म्हणाला. "चुका आहेत, पण त्यांच्या नाहीत. वह्यांत रागाच्या भरात केलेली चाल एकही नाही."

"एकतीस वह्या," मुजावर पुटपुटल्या. "आणि एकदाही चिडली नाहीस, बाई?"

"चहा गार झाला असता," केतकी म्हणाली.

दारातून दोन परिचारिका आत आल्या, अगदी आदबीनं. एकीनं विचारलं, "ताई, केसांत पिना आहेत का? उद्या सकाळी दहाला ऑपरेशनला घेणार आहेत तुम्हाला. आज रात्रीपासून पाणीसुद्धा नको."

केतकीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून वीस मिनिटं. म्हणजे जवळजवळ तेवीस तास हा राग तिचा होता. त्यानंतर तो बुजवायच्या वाटांमध्ये जाणार होता, आणि रणजितशेजारी बसून एक समाधानी बाई एक चाल उशिरानं प्यादं देणार होती.

रणजित डोळे पुसत तिच्याकडे बघत होता, इतक्या प्रेमानं की बघवत नव्हतं.

"इकडे ये," ती त्याला म्हणाली. "खुर्ची जवळ घे. आता मी बोलणार आहे, आणि तू मधे बोलायचं नाही. नीट ऐकून ठेव. उद्या दहानंतर हे तुला कुणी सांगणार नाही."