मैत्रीण मागून येतेय

लांबचा प्रवास करून आलेल्या माणसाचं कौतुक घरात फार तर एक संध्याकाळ टिकतं. दुसऱ्या दिवशी त्याला कपडे धुवायला बसवतात.

दचकूचंही तेच झालं. “ती सॅक आधी गॅलरीत ने,” आई म्हणाली. “काय भरून आणलंयस कुणास ठाऊक. घरभर कुबट वास सुटलाय.”

घरात तिला सगळे दचकूच म्हणत. दाराची बेल वाजली तरी ही उडायची, मागून कुणी हाक मारली तरी हातातलं सांडायची. अशी मुलगी कॉलेज संपवून, थोडी नोकरी करून, एक दिवस पाठीला सॅक लावून एकटीच परदेशात हिंडायला निघाली, तेव्हा घरच्यांनी आधी पोट धरून हसून घेतलं आणि मग काळजीनं अर्धे झाले. पण ती गेली. महिनोन्महिने हिंडली आणि काल धडधाकट परत आली. ठरल्यापेक्षा जरा लवकरच आली. का, ते मात्र तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

गॅलरीत उतरतं ऊन होतं. बादलीत साबणाचं पाणी, दोरीवर चिमटे. तिला भेटायला आलेली मावशी दारातल्या खुर्चीवर चहा घेऊन बसली होती. मावशीनं उभा जन्म औषधांच्या नमुन्यांची बॅग घेऊन गावोगावच्या डॉक्टरांकडे फिरण्यात घालवला. लग्न केलं नाही, लॉजवर राहिली, कुणाच्या बापाला भ्यायली नाही. आता निवृत्त झाली होती, पण तेव्हाची एक सवय तेवढी सुटली नव्हती. कुठल्याही घरात शिरली की ती दार लगेच लावत नसे. मुठीवर हात तसाच ठेवून थोडी थांबे, मग लावे. आजही तसंच केलं. “माझी बॅग मागे राहते ना,” असं ती म्हणे. बॅग सुटून किती काळ लोटला, हे तिला कुणी बोलून दाखवत नसे.

“काय मग, माझा मंत्र कामाला आला की नाही?” मावशीनं विचारलं.

मंत्र अगदी साधा होता. निघायच्या आधी मावशीनं दचकूला बाजूला घेऊन तो कानात सांगितला होता. परक्या ठिकाणी कुणीही विचारलं, एकट्याच का, तर हो म्हणायचं नाही. हसायचं आणि सांगायचं, मैत्रीण आहे बरोबर, मागून येतेय.

“आला म्हणजे काय! पहिल्याच लॉजच्या काउंटरवर वापरला,” दचकू म्हणाली. “पण लोक तेवढ्यावर गप्प बसत नाहीत गं मावशी. मागून म्हणजे कुठून? इतका वेळ का लागतोय? मग म्हटलं, पाय मुरगळलाय तिचा, हळू चालते.”

“शाबास!”

“मग विचारतात, कुठला पाय?”

“हात्तिच्या. काउंटरवर डॉक्टर बसवला होता की काय?”

“डावा म्हटलं. आणि एकदा डावा म्हटलं की सगळीकडे डावाच म्हणावं लागतं. ओळखायचं कसं म्हणाले, तर एक निळी टोपी देऊन टाकली तिला. मग तिला थंडी सोसेना, मग तिला उशीशिवाय झोप येईना...”

“एकूण काय, तुझ्यापेक्षा तीच नाजूक निघाली,” मावशी म्हणाली आणि दोघी खळखळून हसल्या.

आणि होतीच ती गंमत. इतके दिवस एकटीनं चालायचं म्हणजे माणूस स्वतःशीच बोलायला लागतं. दचकू तिच्याशी बोलायला लागली, एवढंच. लोकही भले भेटले. एका डोंगराळ गावात वेळ झाली तरी बसचा ड्रायव्हर गाडी सोडेना. “तुमची मैत्रीण यायचीय ना,” म्हणून आरशात मागे बघत बसला. मग कशानं त्याचं समाधान झालं कोण जाणे, त्यानं मान हलवली, दार लावलं आणि गाडी सोडली. एका घरगुती लॉजच्या मालकिणीनं तिच्यासाठी दाराची कडी काढून ठेवली, जिन्यातला दिवा जळत ठेवला. सकाळी मात्र ती कुरकुरली. “तिला सांग, ओले बूट घालून पायऱ्या चढू नको म्हणावं.” दुसरी कुणी प्रवासी आली असेल, असा विचार करून दचकूनं उगाच तिची माफीही मागून टाकली होती.

हे सांगता सांगता तिचा आवाज जरा खाली आला. परदेशात या गोष्टी सुट्या सुट्या होत्या. इथे, घरच्या गॅलरीत, एकापुढे एक ठेवल्यावर त्या काही बऱ्या दिसेनात.

“हे काय गं?” आई म्हणाली. तिनं सकाळीच सॅकमधले निम्मे कपडे बादलीत भिजत घातले होते. त्यातून तिनं काहीतरी लांबलचक वर काढलं.

क्रेप बँडेज होतं. मळकं, ताणून ताणून सैल झालेलं. भिजूनही टाचेचा गोल आकार धरून राहिलेलं.

“पाय मुरगळला होता तुझा? आणि फोनवर एका शब्दानं बोलली नाहीस!”

“माझं नाहीये ते, आई.”

“मग सॅकच्या तळाशी काय करत होतं?”

दचकूनं सावकाश मावशीकडे पाहिलं. संशय यायला जागा होती. हीच ती मावशी, जिनं एकदा तिच्या दप्तरात रबराची पाल ठेवून सगळं घर डोक्यावर घ्यायला लावलं होतं. पण मुरगळलेल्या पायाचं तर तिनं मावशीला आत्ता सांगितलं. बँडेज सकाळपासून बादलीत होतं. शिवाय मावशी हसत नव्हती. तिनं कप खाली ठेवला होता.

“दचकू,” ती म्हणाली, “लवकर का आलीस तू?”

दचकूनं बादलीकडे पाहिलं. तिला ते समुद्राकाठचं शेवटचं घर आठवत होतं. एक म्हातारी खोल्या भाड्यानं द्यायची. इतकी मायाळू, की तिच्याशी खोटं बोलायचं दचकूच्या जिवावर आलं. एकटीच का, असं म्हातारीनं विचारल्यावर सगळ्या प्रवासात पहिल्यांदाच ती खरं बोलली. हो आजी, मी एकटीच.

म्हातारीनं तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं. मग दचकूचा हात हातात घेऊन, हळूच, समजावल्यासारखी म्हणाली होती... “असं तिच्यासमोर म्हणू नये, बाळ. वाईट वाटतं.”

त्याच दिवशी दचकूनं परतीचं तिकीट बदललं. वाटेत स्वतःची समजूत घातली. भाषा धड येत नव्हती, म्हातारीला अंधुक दिसत असेल, आपला स्वभाव हा असा भित्रा. एकदा घरी पोचलं की संपलं. घरी तर आपण तिच्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही. घरी तिची वाट बघणारं कुणी नाही.

“मग तुझ्या त्या मैत्रिणीचं असेल,” आई बँडेज पिळत म्हणाली. “काल तुझ्या कौतुकात विचारायचं राहिलं. अजून आली कशी नाही ती?”

दचकूच्या हातातून चिमट्यांची डबी पडली.

“कोण मैत्रीण?”

“अगं, काल टॅक्सीतून तूच नाही का म्हणालीस? मैत्रीण मागच्या गाडीत आहे, तिला पत्ता पाठवलाय, ती मागून येतेय. मी आतल्या खोलीत गादी घातली. खाली वॉचमनला सांगून ठेवलं. रात्री दाराला कडीसुद्धा लावली नाही. म्हटलं, परक्या ठिकाणची पोर, कुठे दार वाजवत बसेल.”

आता दचकूला सगळं लख्ख आठवलं. टॅक्सीवाला आरशातून सारखा बघत होता. एकट्याच का, म्हणाला. तेव्हा त्याला ऐकू जावं म्हणून तिनं आईला फोन लावला आणि मोठमोठ्यानं ते सगळं बोलली. त्याच्यासाठी बोललेलं आईनं खरं धरलं.

किती दारं झाली ही, तिला वाटलं. किती लोकांनी कड्या काढून ठेवल्या, दिवे जळत ठेवले, जिन्याकडे कान लावले. जी नाहीच तिची इतक्या जणांनी इतकी मनापासून वाट पाहिली. कुणीतरी यायचंच मग. आणि आता आई वाट बघत होती. आईचं दार उघडं होतं.

ती धावत आत गेली. आधी दाराची कडी लावली, मग इंटरकॉम उचलला. “काका, आमच्याकडे कुणी येणार होतं ना...”

“हो ताई, आल्यात की. आत्ताच पोचल्या. पाठवू वर?” वॉचमन म्हणाला.

“कशा... कशा आहेत दिसायला?”

“आता समोरच उभ्या आहेत, कसं सांगू?” त्यानं आवाज बारीक केला. “निळी टोपी आहे. जरा लंगडतायत. बूट पार भिजलेत हो त्यांचे.”

“सोडू नका!” दचकू किंचाळली. “माझी कुणी मैत्रीण नाही. ऐकताय ना? कुणीच नव्हतं बरोबर. मी एकटीच होते!”



“ताई...” वॉचमन अवघडून म्हणाला. “त्यांच्यासमोर असं काय बोलता? ऐकतायत त्या... अहो, अहो बाई! लिफ्ट तिकडे आहे, तिकडे...”

इंटरकॉम बंद झाला.

“अगं, काय चाललंय तुझं?” आई हात पुसत आली. “दारात आलेल्या माणसाला असं बोलतात?”

मावशी खुर्चीतून उठली होती. ती आत येऊन दचकूसमोर उभी राहिली. “नाही म्हणालीस? तोंडानं म्हणालीस, ती नाही म्हणून?”

“मग काय म्हणू?”

“नाही म्हटलं की ती मागे राहत नाही गं...”

जिन्यात आवाज येऊ लागला. एक पाऊल नीट पडायचं. दुसरं घासत, ओढत मागून यायचं. नीट... आणि घासत. नीट... आणि घासत. घाई नव्हती. मध्ये एकदा थांबून दम घेतल्यासारखं झालं, पुन्हा सुरू. दाराच्या फटीतून गार, ओलसर, समुद्राच्या कुजक्या शेवाळासारखा वास आत आला. सकाळपासून घरभर सुटला होता तोच.

“शेजारचे कुणी असतील,” आई म्हणाली आणि कडी काढायला पुढे झाली.

मावशीनं तिचा दंड धरला. दाराशी तोंड नेलं आणि मोठ्यानं, गप्पा मारल्यासारख्या हसऱ्या आवाजात ती बोलू लागली. “कोण, दचकूची मैत्रीण? आहे की! न यायला काय झालं? येतेय, मागून येतेय. पाय दुखतोय बिचारीचा. तिला म्हणावं, घाई नको, अगदी सावकाश ये.” मग दचकूच्या दंडाला चिमटा काढून ती कुजबुजली, “म्हण. तूही म्हण.”

दचकूनं कडी दोन्ही हातांनी दाबून धरली. “मागून... मागून येतेय,” ती म्हणाली. “आहे ती. मी तिला विसरले नाही. मागून येतेय.”

पावलं दाराबाहेर येऊन थांबली.

बराच वेळ काहीच नाही. मग वास हळूहळू विरला. आईनं अखेर मावशीचा हात झिडकारून दार उघडलं, तेव्हा बाहेर कुणी नव्हतं. पायपुसणं तेवढं ओलं होतं.

“दोघी मिळून माझी थट्टा करताय झालं,” आई म्हणाली. “वय झालं तुझं, अजून पोरकटपणा जात नाही.” आणि ती फणकाऱ्यानं चहाचे कप विसळायला गेली.

दचकू मावशीजवळ सरकली. “तुला कसं माहीत, काय म्हणायचं ते?”

मावशी पर्समधला रुमाल शोधत राहिली.

“मावशी... तूही सगळीकडे हेच सांगायचीस ना? लॉजवर? इतकी वर्षं?”

“माझी शांत आहे,” मावशी म्हणाली. “कधी त्रास देत नाही. फक्त तिला टाकून पुढे जायचं नाही, दार तिच्या तोंडावर लावायचं नाही. इतकं सांभाळलं की झालं.” तिनं दचकूच्या गालावरून हात फिरवला. “तुला हे शिकवायला नको होतं गं मी. पण खरं सांगू? एकटं असण्यापेक्षा... होते सवय.”

उजेड असतानाच मावशी निघाली. दार उघडून बाहेर पडली, मुठीवर हात ठेवून थोडी थांबली आणि मग तिनं ते हळूच ओढून घेतलं. आज दचकूनं त्या थांबण्याकडे नीट पाहिलं. एक माणूस सावकाश बाहेर पडेल, बरोबर तेवढं होतं ते.

“ती आतली गादी उचलू का मग?” स्वयंपाकघरातून आईनं विचारलं.

दचकूनं बंद दाराकडे पाहिलं. “असू दे, आई,” ती म्हणाली. “येईल ती.”

मग ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. ऊन गेलं होतं. दोरीवर बँडेज संथ हलत होतं. खाली मावशी गेटपाशी पोचली. वॉचमननं खुर्चीतून उठून गेट उघडलं, मावशी बाहेर पडली. त्यानं गेट लगेच लावलं नाही. धरून उभा राहिला, कुणालातरी वाट द्यावी तसा जरा बाजूला झाला, अदबीनं मान लववली आणि मग लावलं.

वळताना त्याची नजर वर गेली. गॅलरीत दचकूला पाहून त्याला हायसं वाटलं असावं. तो हसला आणि त्यानं हात वर केला. एकदा तिच्याकडे बघून. आणि मग पुन्हा एकदा, तिच्या डाव्या खांद्याच्या बाजूला, जरासं मागे बघून.