डाव्या सीटचा बझर

हे खरं आहे. आधीच सांगून टाकतो, कारण शेवटी तुम्ही विचारणारच.

मी नागसेन. हैदराबादेत नामपल्ली स्टेशनच्या मागच्या गल्लीत माझं गाड्यांच्या वायरिंगचं शेड आहे. एकवीस वर्षं हेच काम करतोय. आमचं दीक्षा घेतलेलं घर. लिंबू-मिरची, उतारा, अंगात येणं, यातलं काहीच आमच्याकडे चालत नाही. मी विश्वास ठेवतो तो मीटरवर. करंट आहे किंवा नाही, मधलं काही नसतं.

भुताच्या गोष्टी रात्री घडतात म्हणे. ही मागच्या सप्टेंबरात, मंगळवारी, दुपारी सव्वातीनला घडली. कडक ऊन होतं. समोरच्या हॉटेलात चहाच्या कपबशा वाजत होत्या. आता बोला.

त्याच्या दहा दिवस आधी बरकतपुऱ्याचे किशनराव एक पांढरी कार टोचन करून घेऊन आले होते. माणूस सत्तरीकडे झुकलेला, मूळचा उदगीरकडचा, पण तीन पिढ्या हैदराबादेत गेलेल्या.

"बिल्डिंगखालच्या सेलरात उभी होती ओ. मोठ्या पावसात पानी भरलं," ते म्हणाले. "विमावाले म्हणायलेत भंगारात टाका. मला नाही टाकायची."

"काका, पाणी कुठवर आलं होतं?"

त्यांनी हात गळ्यापर्यंत नेला.

मग खाली घेतला. "डॅशबोर्डापर्यंत," म्हणाले.

मी लक्ष दिलं नाही. मी गाडीकडे बघत होतो.

"लेक बाळंतपणाला आलीय. स्नेहा," ते सांगत होते. "बावीस तारीख दिलीय डॉक्टरनं. तिच्या आईनं शब्द दिला होता, आपल्याच बंडीत, ह्या गाडीत बसवून दवाखान्यात नेते म्हणून. पुढच्या सीटवर. तेवढं झालं पाहिजे, मिस्त्री."

"काकू काय म्हणतात?"

"त्रिवेणी नाही आता."

मला वाटलं, गेल्या असतील दोन-चार वर्षांपूर्वी. पुढे विचारलं नाही. तिथंच विचारायला हवं होतं.

बावीसला बारा दिवस होते. मी हो म्हणालो.

बुडालेली गाडी म्हणजे निव्वळ डोकेदुखी असते. इंजिन धुऊन निघतं, पण वायरिंगला एकदा पाणी लागलं की माणूस वेडा होतो. प्रत्येक कनेक्टरमध्ये गाळ. पिनांवर हिरवा गंज. एक कनेक्टर उघडायचा, क्लीनर मारायचा, ब्रशनं घासायचा, हवा मारायची, मीटर लावायचा. असे ऐंशी-नव्वद. शिवाय डॅशबोर्डाखाली आणि सीटखाली कंट्रोल मॉड्यूलचे डबे असतात, गाडीचा मेंदूच तो. त्यातले दोन वाळवून, घासून जिवंत केले. एअरबॅगचा डबा मेलेला होता. तो नवीन आणून बसवला.

आठव्या दिवशी गाडी चालू झाली. मी खूश. चहा मागवला.

आणि मग...

टिंग. टिंग. टिंग.

डाव्या सीटच्या बेल्टचा बझर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुढच्या डाव्या सीटच्या आत एक पातळ सेन्सर असतो. कुणी बसलं की त्याला वजन कळतं. माणूस बसलाय आणि बेल्ट लावलेला नाही, असं दिसलं की बझर वाजतो. सीट रिकामी असली की गप्प बसतो.

सीट रिकामी होती.

सेन्सर खराब झाला असणार. पाणीच गेलं होतं ना. मी कनेक्टर उपटला. उपटला म्हणजे वायरच तुटली. आता बझर वाजायचं कारणच उरलं नाही.

टिंग. टिंग. टिंग.

मी शिव्या घातल्या. नवीन मॉड्यूल बदलून दुसरं आणलं. तेच. सीटखालची अख्खी वायर काढून नवी ओढली. तेच. नवा सेन्सर आणला. पाकिटातून काढून मीटर लावला, एकदम बरोबर. सीटच्या फोममध्ये बसवला...

टिंग.

शेवटी सीटच बोल्ट खोलून बाहेर काढली आणि शेडच्या मधोमध फरशीवर ठेवली. सुटी सीट. आजूबाजूला कुणी नाही. सेन्सरच्या दोन टोकांना मीटर लावला. मीटर म्हणाला, बसलंय कुणीतरी.

मी सीटवर हात ठेवला.

ओली होती.

ती सीट मी पाच दिवस शेडच्या छपरावर उन्हात वाळवली होती. फोम आतमध्ये पाणी धरून ठेवतो, मी स्वतःला सांगितलं. ठेवतोही. पण पाच दिवस हैदराबादच्या उन्हात?

घरी गेलो तर तोंड एवढंसं झालं होतं. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही त्या गाडीवर चिडून काम करताय. दुसऱ्या कुणाकडं द्या."

"दुसऱ्याकडं दिली म्हणजे मी हरलो, शिल्पा."

"कुणाशी हरलात? खुर्चीशी?"

मी जेवलो नाही. एकवीस वर्षांत एका बझरनं मला असं रडवलं नव्हतं. आणि तिकडे एका पोरीचे दिवस भरत आले होते.

मंगळवारी सकाळी मी हरलो. सीट परत बसवली. चावी फिरवली. टिंग टिंग सुरू झालं. मग मी ड्रॉवरमधून क्लिप काढली.

ही क्लिप तुम्ही बघितली असेल. बेल्टच्या टोकाला असतं तसं नुसतं लोखंडी पातं. बेल्टच्या खाचेत खुपसून द्यायचं, गाडीला वाटतं बेल्ट लावला, बझर गप्प. ज्यांना बेल्ट नको आणि आवाजही नको त्यांच्यासाठीचा जुगाड. आपल्या शहरात अर्ध्या गाड्यांत सापडेल. मी कुणाच्या गाडीत स्वतः कधी लावली नव्हती. आज लावली. रागानं दाबली.

खट्.

बझर थांबला.

मी हुश्श केलं, आणि मग लक्षात आलं...

सगळंच थांबलं होतं. समोरच्या कपबशा, गल्लीतले हॉर्न, पंख्याची घरघर. कानात पाणी गेल्यावर होतं तसं.

मग डाव्या दरवाज्याचं लॉक वर आलं. खाली गेलं. वर आलं. खाली गेलं.

काचेची मोटर गुरगुरायला लागली. काच खाली जाऊ बघत होती, जात नव्हती.

मी खाली उतरलो, बॉनेट उघडलं आणि बॅटरीची वायर काढून टाकली. मॉड्यूलमध्ये थोडा करंट साठून राहतो, मिनिट-दोन मिनिटं. हे खरं आहे.

वीस मिनिटं राहत नाही, हेही खरं आहे.

मग ते आपोआप थांबलं. बाहेरचे आवाज परत आले. मी बॅटरी जोडली, सगळं तपासलं. बझर नाही, लॉक ठीक, काच ठीक. मी किशनरावांना फोन केला. म्हणालो, काका, झाली गाडी. पाठ फिरवून मोकळं व्हायचं होतं मला. कबूल करतो.

ते सव्वातीनला आले. ड्रायव्हरच्या सीटवर बसले. दरवाजा ओढून घेतला. मी बाहेर उभा होतो, चावी माझ्याच हातात होती. ती दाखवायला मी काचेशी वाकलो, तर त्यांची नजर डाव्या सीटकडे गेलेली.

"ही क्लिप कुणी लावली?"

हे मला बंद काचेतूनही ऐकू आलं. त्यानंतरचं काही ऐकू आलं नाही.

चारी लॉक एकदम पडली.

मी दरवाजा ओढला. उघडेना. चावीचं बटन दाबलं. काही नाही. आत किशनराव डावीकडे वाकले होते, दोन्ही हातांनी बेल्टचं लाल बटन दाबत होते. त्यांचं तोंड हलत होतं. काचा बंद, माझ्यापर्यंत शब्द येत नव्हता. डाव्या काचेवर आतून वाफ धरत होती. फक्त डाव्या. खालून वर चढत होती, एका सरळ रेषेत.

मी पाना उचलला, काच फोडायला हात वर केला...

क्लिप निघाली. लॉक उघडली.

टिंग. टिंग. टिंग.

चावी अजून माझ्या हातात होती.

किशनरावांना मी धरून बाहेर काढलं. त्यांच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. त्यांनी ग्लास बाजूला ठेवला.

"सेलर-बिलर काही नव्हतं, मिस्त्री," ते म्हणाले. "आम्ही दोघं होतो बंडीत. चिक्कडपल्लीकडून घरी येत होतो."

मी समोर एका टायरवर बसलो.

"तिला बेल्ट कधी आवडला नाही. जीव गुदमरतो म्हणायची. आमच्या बंडीत कायम अशीच क्लिप लावलेली असायची. त्या दिवशी पुढं पोलीस उभे दिसले. मीच क्लिप काढली. म्हणलं, लाव गं, उगं चलान बसल. लावला तिनं." त्यांनी ओली बाही पिळली. "पुढच्या गल्लीत नाल्याचं पानी एकदम अंगावर आलं. बंडी वाहून भिंतीला लागली. माझा दरवाजा उघडला. तिचा बेल्ट निघंना. लाल बटन दाबायलो, दाबायलो. ती म्हणायली, अहो, सोडवा मला. पानी इथवर आलं."

हात पुन्हा गळ्यापर्यंत गेला.

"मग मी बाहेर पडलो."

मला स्वतःची लाज वाटली, आणि त्यांचा रागही आला. दहा दिवस मी त्या गाडीत डोकं खुपसून बसलो होतो आणि या माणसानं मला एक शब्द सांगितला नव्हता. ती बाई तिथं मोकळी बसली होती. मीच तिला परत अडकवलं.

"सीट बदलून देतो," मी म्हणालो.

"नक्को. वाजू द्या," किशनराव म्हणाले, आणि टिंग टिंग करत गाडी घेऊन गेले.

बावीस तारखेला सकाळी नऊला दवाखान्यातून त्यांचा फोन आला. स्नेहाला कळा सुरू झाल्या होत्या. ते तिला मागं बसवत होते, पण ती ऐकेना. आईनं पुढं बसवीन म्हणलं होतं, मी पुढंच बसणार. बसली. एवढं पोट, बेल्ट लावलाच नाही.

"आणि मिस्त्री, ती बसली तसा आवाज बंद झाला. ती उतरली तरी परत वाजला नाही. काय केलं होतं तुम्ही?"

मी काहीच केलं नव्हतं. तिनं बेल्ट लावला नव्हता, म्हणजे ती बसल्यावर बझर वाजायला पाहिजे. तो थांबला. सेन्सरच्या हिशेबानं त्या क्षणी सीट रिकामी झाली. स्नेहा तिच्यावर बसलेली असताना.

पुढच्या आठवड्यात मी स्वतः बरकतपुऱ्याला जाऊन गाडी तपासली. मी सीटवर बसलो, बझर वाजला. उठलो, गप्प. सगळं जसं पाहिजे तसं. म्हणजे आधीही सेन्सर ठीकच असणार.

मुलगी झाली. बारशाला त्यांनी मला आणि शिल्पाला बोलावलं. घर पाहुण्यांनी भरलं होतं. किशनरावांची बहीण भागूबाई बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळत होती, आपल्याकडे गुंडाळतात तशी. बाळ जे किंचाळायला लागलं ते थांबेना. चेहरा काळानिळा पडला.

"रोज हेच करायलीय," स्नेहा म्हणाली. "काहीच बांधू देत नाही अंगावर."

"सवय लागंल," म्हणत भागूबाईनं गाठ आवळली.

किशनराव गर्दीतून पुढे आले. त्यांनी बहिणीला बाजूला केलं आणि ती गाठ सोडवली. एकदा सुटली नाही, दुसऱ्यांदा सुटली. दुपटं दोन्हीकडे पडलं.

"निघालं गं," ते हळूच म्हणाले. "या बारीला निघालं."

बाळ गप्प झालं. तिनं त्यांचं बोट मुठीत धरलं. सगळे हसले. भागूबाई म्हणाली, आजोबाला ओळखलं बघा.

शिल्पा म्हणते, सगळीच बाळं दुपट्यात रडतात आणि सगळीच बोट धरतात. बरोबर आहे. आमचीही धरायची.

किशनरावांनी थोड्या वेळानं बोट ओढून बघितलं. मग दुसऱ्या हातानं तिची मूठ उघडायचा प्रयत्न केला. बारा दिवसांच्या बाळाची मूठ. भागूबाई अजून हसत होती. किशनराव हसत नव्हते.

आम्ही जेवून निघालो तेव्हा ते तसेच पाळण्याशी वाकून उभे होते.

बोट सुटलं नव्हतं.