अप्पारावचं कालवण

गोंदिया जिल्ह्यातल्या कामठ्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतावरच्या पंपाची मोटार जळली की लोक माझ्याकडे घेऊन येतात. मोटार फिरवली की नुसत्या आवाजावरून मला कळतं, बेअरिंग गेलंय की आतली तार. हा कान मी टगवर कमावला. टग म्हणजे मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणारी छोटी, दांडगी बोट. अंदमानातल्या एका बेटावर आमची टग असायची आणि तिच्या इंजिनावर मी सात वर्षं काढली.

बाकीची माणसं बदलत राहिली, आम्ही तिघं मात्र टिकलो. ओमेश टेंभरे आपल्याच जिल्ह्यातला, देवरीच्या पुढच्या गावचा. तो डेकवर दोर सांभाळायचा. तिसरा अप्पाराव, विशाखापट्टणमच्या वर भीमिलीकडचा. तो भंडारी, म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी. इंजिनशेजारी झोपून झोपून त्याचा डावा कान गेला होता. कुणी बोलायला लागलं की तो सगळा वळून उजवा कान पुढे करायचा.

सणाला घरी जायला मिळायचं नाही. मग ज्याचा सण, त्याच्या गावचं जेवण, असं ठरून गेलं. मी लाखोळीच्या डाळीचे वडे तळायचो, ओमेश तांदळाची खीर करायचा. आणि अप्पाराव मासळीचं एक आंबट कालवण करायचा. चिंच होती, मेथी होती, पण आणखी काहीतरी होतं, ते त्यानं कधी सांगितलं नाही. कालवण करताना तो आम्हाला बाहेर काढून दाराला कडी लावायचा. गावी परतल्यावर मी ते करून पाहिलं. पंधरा-वीस वेळा तरी. एकदाही जमलं नाही.

नऊ वर्षांपूर्वीच्या दिवाळीत अप्पाराव दोरासकट समुद्रात गेला. लाट आली, दोर ताणला गेला आणि डेकवर कुणी नव्हतं. आम्ही दोन दिवस शोधलं. सापडला नाही. त्यानंतर महिन्याभरात ओमेशनं नोकरी सोडली आणि पुढच्या वर्षी मीही.

या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ओमेशच्या बायकोचा, रविताचा फोन आला.

"भाऊजी, उद्या येता का? हे चार दिवसांपासून जेवूनच नाई राहिले. दर दिवाळीले असंच करतेत, पन यंदा पानीबी नाई घेऊन राहिले. गोंदियाच्या डॉक्टरले काई सापडलं नाई."

"तो काय म्हणतो?"

"बोलतेत कुठं? भिंतीकडं तोंड करून पडले हायत."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे गायगोधनाला, मी सकाळीच मोटारसायकल काढली. आमगावच्या पुढे धान कापणीला आलेलं होतं. गावोगावी शिंगं रंगवलेल्या गायी रस्त्यावर होत्या, त्यांना खिचडी चारणं चाललं होतं. देवरीच्या पुढे जंगल लागलं. ओमेशच्या दारात पोचलो तेव्हा साडेअकरा झाले असतील. ऊन स्वच्छ होतं.

मी गाडी स्टँडवर लावली आणि तसाच उभा राहिलो.

अंगणात वास येत होता. चिंचेचा, करपवलेल्या मेथीचा, आणि त्याच्याखाली आणखी एक आंबूस वास. नऊ वर्षांत मी तो कुठेच घेतला नव्हता.

रविता हात पुसत बाहेर आली. "या भाऊजी. तुमचा मानूस आत्ताच गेला. थांबा म्हनलं तर थांबला नाई. बस पकडाची हाय म्हने."

"माझा कोणता माणूस?"

"तुमीच तं पाठवला ना? कालवन शिकवाले. काल फोनवर सांगाचं राहूनच गेलं. तीन दिवस झाले, पयल्यांदा आला तवा म्हने, मी लीलाधरचा दोस्त. तांदूळ धुतलेलं पानी मडक्यात भरून ठेवाले लावलं. तीन दिवस आंबलं पायजे, मंग कालवन होते, म्हने. आज येऊन बाजूले उभा राहिला न् सगळं सांगितलं. मासळी सकाळीच तलावावरून आनली होती मी."

मी स्वयंपाकघरात गेलो. चुलीजवळ मडकं होतं. आत बोट बुडवून जिभेला लावलं. आंबट, थोडं गोडसर. तर ते हे होतं. इतक्या वर्षांत मला सुचलं नाही.

मी यंत्राचा माणूस आहे. बिघाड दिसला की एकेक करून तपासतो. ओमेशनं तिला सांगितलं असेल, हे पहिलं. पण ओमेशलाही ते माहीत नव्हतं. आणि तीन दिवसांपूर्वी रवितानं मला फोनही केलेला नव्हता.

"कसा होता दिसायला?"

"काळासावळा. ठेंगना. डोक्याले टावेल बांधला होता. हिंदी बोले, पन तुटकी तुटकी. न् भाऊजी, त्याले एका कानानं आयकू येत नसन. मी बोलली का सगळाच्या सगळा वळे."

मी खाली बसलो.

"काऊन? काय झालं?"

"काही नाही, भाभी. त्यानं काही खाल्लं का?"

"ताट वाढते म्हनलं. तं म्हने, मी घरी जाऊन जेवीन. पयले ओमेशले जेवू घाला."

रवितानं अप्पारावला कधी पाहिलं नव्हतं. ओमेशनं घरात त्याचं नावही काढलेलं नव्हतं. मला तिला सांगायला हवं होतं, पण तेवढ्यात आतल्या खोलीची खाट करकरली.

ओमेश दारात उभा होता. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. एका हातानं त्यानं चौकट धरली होती.

"लीला," तो म्हणाला, "हा वास कायचा?"

"कालवणाचा."

"कोनं केलं?"

"मी केलं," रविता म्हणाली.

तो भिंत धरत आला आणि चुलीसमोर बसला. रवितानं भात वाढला, वर कालवण घातलं.

मग त्यानं एक घास घेतला.

चावला नाही. तसाच तोंडात धरून रडायला लागला.

"माही पाळी होती," तो म्हणाला. "दोर माहा होता. रविताचा फोन आला. बोटीवर आवाज तुटे, धक्क्याच्या टोकालेच नीट नेटवर्क भेटे. अप्प्या म्हने, जा बे, भाभी वाट पाहून राहिली असन. मी धरतो दोर."

हे मलाही माहीत नव्हतं. नऊ वर्षं.

रविताचा हात पळीवर होता, तो तिथेच राहिला. मग ती त्याच्याजवळ सरकून बसली.

"मी कायले फोन केला होता, आठवते?" ती हळूच म्हणाली. "लक्ष्मीपूजा करून राहिली होती. तुमचा आवाज आयकाचा होता. बस."

ओमेशनं तोंडातला घास गिळला. दुसरा घेतला. मग तिसरा. त्यानं भात पुन्हा मागितला तेव्हा रविता तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावत होती. मीही जेवलो. चव तीच होती, अगदी तीच.

हात धुतल्यावर ओमेश म्हणाला, "अम्माचा नंबर हाय तुह्याजवळ?"

अप्पारावची आई गावी एकटीच राहते. मी दर दिवाळीला तिला फोन करतो. ओमेशनं एकदाही केला नव्हता. काय बोलू, म्हणायचा. आज त्यानं स्वतः मागितला. मीच नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला. मघाचा माणूस जाऊन तास झाला असेल. देवरीहून भीमिलीला पोचायला रात्र मध्ये घालावी लागते.

तिसऱ्या रिंगला अम्मानं उचलला.

"अम्मा, मैं ओमेश."

"ओमेश," ती म्हणाली. तिच्या आवाजात आश्चर्य नव्हतं. "खाया, बेटा?"

"खाया, अम्मा. पेट भर के खाया. अम्मा, मुझे माफ करो. उस दिन..."

"मालूम," ती म्हणाली. "सब मालूम. अगली दिवाली इधर आना, बीवी को लेके."

"आऊंगा."

"अच्छा. रुको जरा."

तिनं फोन कुठेतरी ठेवला असावा. भांड्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला, मग पळी ताटाला लागल्याचा. मग ती कुणाला तरी म्हणाली, "तिनरा."

तेवढं तेलुगू आम्हा दोघांनाही येतं. जेव रे.

पलीकडे कुणीतरी पाट ओढून बसलं.