वेदगंगेचा जुना पूल

मोबाइल ठेवा बाजूला, आणि मधे बोलू नका. हे मी वीरेशच्या तोंडून ऐकलंय, आणि वीरेश थापा मारणारा गडी न्हवं.

कागलच्या नाक्याला टायरच्या दुकानावर एक खोली होती. शहाण्णव साली ट्रकवाल्यांनी परवानगी काढून तिथं छोटं रेडिओ केंद्र सुरू केलं. कुठला घाट बंद, कुठल्या पुलावर पाणी, एवढंच सांगायचं. एमआयडीसीतनं निघणारा ड्रायव्हर रेडिओचा काटा तिथं लावल्याशिवाय गाडी हलवत नसे. पुढं मोबाइल आले, ऐकणारे घटले, आणि बोलायला एकटा वीरेश उरला.

दोन हजार पाच. सव्वीस जुलै, मंगळवार. महापुराचा पाऊस. खोलीचं छत गळत होतं, म्हणून यंत्रावर ताडपत्री टाकायला वीरेश संध्याकाळी परत तिकडं गेला. तेवढ्यात खालच्या दुकानात नेसरीहून फोन आला. त्याची बायको विद्याश्री बाळंतपणाला माहेरी होती. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या, आणि गडहिंग्लजच्या डॉक्टरांनी कोल्हापूरला न्यायला सांगितलं. सासरे शिवय्या तिला जीपमधनं घेऊन निघालेसुद्धा होते, वेदगंगेच्या जुन्या पुलाच्या वाटेनं. पुढं फोनच तुटला.

तो पूल दुपारी मधोमध वाहून गेला होता. वीज जाईपर्यंत वीरेशच ते सगळ्यांना सांगत होता.

त्यानं मोटारसायकल काढली. वाटेत ओढा रस्त्यावर आलेला. दोनदा पाण्यात शिरला, दोनदा लोकांनी ओढून बाहेर काढला. शेवटी भ्रमिष्टासारखा खोलीवर परत आला. वीज नाही. बॅटऱ्या भिजलेल्या. तरी हेडफोन चढवून माइकपुढं बसला आणि बोलत सुटला. मामा, जीप थांबवा. पूल न्हाय. मागं फिरा. घसा फाटेस्तोवर तेच.

ऐकणार कोण होतं?

मग हेडफोनमध्ये... पाण्याचा आवाज आला.

त्या यंत्रातनं आवाज बाहेर जायचा. आत कधी यायचा नाही.

"पावणं," कुणीतरी म्हणालं. हळू. "गाडी कसली?"

वीरेशनं माइक तोंडाशी ओढला. आणि बोलला.

"पांढरी जीप. नेसरीची. माझी बायको हाय आत... तुमी कोण?"

पाण्याचा आवाज जवळ आला.

"आमी दुपारीच गेलतो... त्या पुलासंगं."

मग काही नाही.

तीन दिवसांनी पाणी उतरलं, तेव्हा वीरेश फिरून फिरून पलीकडच्या काठाला पोचला. तिथल्या गावच्या दवाखान्यात विद्याश्री होती. कुशीत मुलगी. वीरेश दारातच खाली बसला आणि लहान पोरागत रडला.

शिवय्या बाहेर बाकावर होते. जावयाकडं न बघता बोलले.

"पूल गेलाय हे कळलंच न्हाय. अंधार, पाऊस. पुढं माणसं उभी होती. आडवी, रस्ता अडवून, कमरेएवढ्या पाण्यात. हॉर्न दिला. शिव्या दिल्या. हलंनात. जवळ आली, गाडीला हात लावले..."

त्यांनी जीपकडं बोट केलं.

"मी पुढचाच गिअर टाकून ॲक्सिलेटर दाबत होतो. आणि जीप मागं सरत होती."

जीप अंगणात उभी होती. तीन दिवस पाऊस तिच्यावर कोसळत होता. तरी बॉनेटवर चिखलाचे हात... तसेच.

वीरेशनं एकेक पाहिला. मोठे. बांगड्या घासल्याची खूण असलेले.

आणि खाली बंपरवर एक... चार-पाच वर्षांच्या पोराचा.