अर्धा मिनिट उघडं दार

सकाळी सव्वासहा वाजता त्याने उबवणी यंत्राचं दार उघडलं. अर्धा मिनिट, फार तर. पण उघडलं.

आत एक पिल्लू ओरडत होतं. अंड्याला भोक पडलेलं, भोकातून चोच बाहेर, आणि अंडं ट्रेच्या कडेला अडकलेलं. त्याने हात घालून ते सरळ केलं, दार लावलं आणि स्वतःच जाऊन तिला सांगितलं.

ती शेजारच्या खोलीत ट्रे पुसत होती. फडकं हातात तसंच राहिलं.

“शेवटच्या दिवशी दार उघडायचं नाही. किती वेळा सांगितलंय?”

“रोज.”

“मग?”

“ते ओरडत होतं…”

अंडी फुटायला लागली की यंत्रात दमट हवा कोंडून ठेवावी लागते. दार उघडलं की ती निघून जाते. कवचाखालचा पापुद्रा सुकतो, पिल्लाला आवळतो, आणि ते आतल्या आत मरतं. हाताने सोलून काढावं तर रक्त येतं. मागची खेप वीज गेल्याने वाया गेली होती. हीसुद्धा गेली तर पिल्लं दुसरीकडून घेईन, असं पोल्ट्रीवाल्याने बजावलं होतं. त्याच्याएवढं मोठं गिऱ्हाईक या उबवणी केंद्राला दुसरं नव्हतं.

केंद्र तिच्या आत्याचं. सगळेच तिला आत्या म्हणत, तोही. उन्हाळ्याच्या तोंडावर तो वडिलांची गाडी घेऊन थेट केंद्राच्या फाटकावर आदळला होता. वय सत्तावीस, उद्योग काही नाही, आणि गाडीतून उतरल्यावरचं पहिलं वाक्य, “फाटक जरा रस्त्यातच आहे.”

त्याचा हात खिशाकडे गेला तशी आत्या म्हणाली, “पैसे राहू देत. फाटक उभं करून दे.”

“मला येत नाही.”

“हिला येतं. ही शिकवेल.”

काम दोन दिवसांचं होतं. त्याने ते महिनाभर पुरवलं. मग अंडी पुसायला लागला, ट्रे उचलायला लागला, पहाटेची पाळी मागून घेतली. ती त्याला ‘राजे’ म्हणायची.

“राजे, हात दाखवा.”

“भविष्य बघतेस?”

“फोड बघतेय.”

तिने मलम लावलं. बोटं गरजेपेक्षा जरा जास्तच रेंगाळली… दोघांच्याही ते लक्षात आलं.

आज आत्याने यंत्राचे आकडे पाहिले, नळीतून पाणी वाढवलं आणि निघून गेली. आत्या ओरडली असती तर बरं झालं असतं.

“मी काय करू?” त्याने भाचीला विचारलं.

“काही नाही.”

“काहीतरी सांग ना.”

“तेच सांगतेय. काही न करण्यात एवढी वर्षं घालवलीस. आज एक दिवस आमच्यासाठी कर.”

तो यंत्राच्या काचेसमोर स्टुलावर बसला. चहा गार झाला, जेवण झाकलेलंच राहिलं. ती दर थोड्या वेळाने येऊन आत बघायची, त्याच्याकडे न बघता जायची.

तीनच्या सुमाराला त्याचे वडील आले. दारातूनच म्हणाले, “आटप. संध्याकाळचं विमान आहे. दादाने तिकडे तुझं काम ठरवलंय, वाट बघतोय.”

तिने हे पहिल्यांदाच ऐकलं.

“बाबा, पिल्लं बाहेर येईपर्यंत मी हलणार नाही.”

“फोन करून विचार.”

“माझ्यामुळे अडकलीत ती.”

वडिलांनी घड्याळ बघितलं. “गाडीत बसतो,” म्हणाले आणि गेले.

“जायचं होतं, तर सांगायचंस,” ती म्हणाली.

“सांगितलं असतं तर तू जा म्हणाली असतीस.”

“म्हणालेच असते.”

“म्हणून नाही सांगितलं. जायचंच नव्हतं मला.”

ती काचेकडे बघत होती. आत एक कवच हललं, थांबलं.

“पिल्लांसाठी?”

“पिल्लांसाठी… सुद्धा.”

“गप्प बस. घाबरतात ती.”

“काचेच्या आत आहेत, त्यांना काय ऐकू येणार?”

“मग मी घाबरते,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता, की त्याला वळून बघावं लागलं.

साडेचारपर्यंत वरच्या ट्रेमधली बरीचशी पिल्लं बाहेर आली होती, ओली, धडपडणारी. खालच्या दोन ट्रेमध्ये भोकं पडली होती, चोची हलत होत्या, पण कवचं पुढे उकलत नव्हती. पोल्ट्रीवाल्याचा टेम्पो निघाल्याचा फोन येऊन गेला होता. बाहेर वडिलांच्या गाडीचं इंजिन चालू होतं. तिने दुसरं स्टूल ओढून त्याच्या शेजारी घेतलं होतं, आणि तो अजून उठलेला नव्हता.