बल्ब पेटवणारी मुलगी

"सरांना सांगा, चार वाजेपर्यंत देतो नवं चित्र. उगाच माणसं पाठवून घाई करू नका म्हणावं!"

मान वरही न करता तो म्हणाला. सहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकाचं प्रूफ घेऊन मी तावातावाने या चित्रकाराच्या टेबलासमोर उभी होते.

"कुठले सर? धडा मी लिहिलाय."

आता मान वर झाली. आणि ते डोळे... अगबाई! भांडायला आले होते ना मी?

"सॉरी... म्हणजे, विज्ञान म्हटलं की..."

"की सर! तुमच्या चित्रातही तेच झालंय."

मी पान समोर आपटलं. विजेच्या धड्यात मुलगा वायर जोडतोय आणि मुलगी बाजूला उभी राहून टाळ्या वाजवतेय! माझा पहिलावहिला धडा, आणि संपादकबाईंनी बजावलेलं — चारच्या आत नवं चित्र आलं तर ठीक, नाहीतर हेच छापायला जाईल. किती मुली ते पान उघडतील आणि नुसत्या टाळ्या वाजवायला शिकतील, या विचाराने माझा जीव खालीवर होत होता.

त्याने भराभर पेन्सिल चालवली. आता वायर मुलीकडे, टाळ्या मुलाकडे.

"खूश?"

"मुळीच नाही. त्या बिचाऱ्याने काय घोडं मारलंय? दोघांनाही काम द्या ना! शिवाय..." मी कागद जवळ घेतला आणि मला हसूच फुटलं. "दोन्ही वायरी सेलच्या एकाच टोकाला! हा बल्ब जन्मात पेटायचा नाही."

"काय सांगता? मी तर नेहमी असाच काढतो!"

"स्वतः कधी जोडून बघितलंय?"

"नाही हो. घरी फ्यूज उडाला तर आईच स्टुलावर चढते."

"आणि तरी तुम्ही सर शोधत होतात!"

तो इतका मनापासून हसला, की माझा राग कुठल्या कुठे गेला.

प्रयोगाचं सामान माझ्या पर्समध्ये होतंच. एक वायर मी धरली, एक त्याला दिली.

"टेकवा आता... घाबरू नका, शॉक नाही बसत."

बोटांना बोटं लागली. बल्ब पेटला!

"पेटला! अहो, पेटला!" तो टुणकन उठलाच. माझी छाती नुसती धडधडत होती, आणि ती काही बल्बमुळे नव्हे.

मग त्याने जे चित्र काढलं, ते बघतच राहावं असं होतं. एक वायर तिच्या हातात, एक त्याच्या. फक्त...

"हा बल्बकडे का बघत नाहीये?"

"तो... तिच्याकडे बघतोय." त्याचे कान लाल झाले.

"खोडा. ती प्रयोग करतेय. कुणी बघत बसावं म्हणून नाही उभी ती."

"खरंय," तो ओशाळून म्हणाला. खोडरबर फिरलं, मुलाची नजर बल्बवर गेली. चारच्या ठोक्याला संपादकबाई आल्या, "वा!" म्हणाल्या आणि चित्र घेऊन गेल्या.

झालं! मला नाचावंसं वाटत होतं. तो मात्र खाली मान घालून पेन्सिली आवरत बसला. आता बोलेल, मग बोलेल... छे! मग वाटलं, बाजूला उभं राहून वाट बघायची असती, तर इतकी भांडले कशाला?

"ऐका ना... पुस्तकाबाहेर माझ्याकडे बघितलंत तर माझी काही हरकत नाही. मला आवडलात तुम्ही. चहाला येता?"

पेन्सिली खाली सांडल्या. तो माझ्याकडे बघत राहिला — बघतच राहिला.

या वेळी मी काही खोडायला सांगितलं नाही.