उघड्या चेहऱ्याचा सोंगाड्या

इटलीतल्या बेर्गामोच्या चढाच्या गल्लीत पाऊस भुरभुरत होता. निव्हेस पुडीतलं गरम चेस्टनट तोंडात टाकणार, तोच कोपऱ्यावरून काळा मुखवटा घातलेला एक तरुण आला आणि त्यानं ते अलगद पळवलं.

"चोर!"

"चोर नाही, नोकर," तो कमरेत वाकला. "तीनशे वर्षांचा उपाशी, बाईसाहेब!"

तिला हसू आवरेना… आणि तिथंच घोळ झाला. कारण दोघांनाही जायचं होतं इल्दाबाईंच्या नाटकमंडळीतच. दरबारी नाच आणि मुखवट्यांची जुनी सोंगं इल्दाबाई पुन्हा चौकात आणत होत्या. निव्हेस नाच बसवणार होती, आणि हा एजिदिओ भोळ्या नोकराच्या सोंगात तो नाच उधळून लावणार होता.

काय कसब होतं त्याच्यात! हवेतली नसलेली माशी तो अशी पकडायचा, की पोरंटोरं हातातले फोन विसरून लोळायची. निव्हेस पडद्याआडून बघत राहायची. जुनापुराणा विनोद, पण त्याच्या मनगटात आल्यावर कसा ताजा होऊन जायचा!

तालमीत मात्र ती कडक.

"डावा पाय आधी! बोटांची फक्त टोकं टेकवायची. गाण्याची ओळ संपली की हात सोडायचा."

"नाहीच सोडला तर?"

"तर नाच चुकला!"

"तू इतकी छान दिसतेस ना, की माझा पाय मुरगळला."

"कुठला?"

"तू म्हणशील तो!"

सगळं असंच, थट्टेवारी. खरं काय, खोटं काय, काही कळेल तर शपथ.

शेवटी तीच म्हणाली, "रविवारचा खेळ झाला की मी तूरिनला चाललेय. तिथली मंडळी बोलावतायत. मी थांबावं… असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं सांगावं."

एजिदिओनं चटकन मुखवटा चढवला आणि भोकाड पसरून रुमाल पिळला. सगळे हसले. तिचे डोळे भरून आले.

"मुखवट्याआडून नको रे," एवढंच बोलून ती निघून गेली.

रविवारी चौक गच्च भरला. इल्दाबाईंनी प्रेक्षकांना नेहमीसारखं बजावलं, "मंडळी, मुखवटा घातलेला तो सोंगाड्या. उघड्या चेहऱ्याचा तो प्रियकर. एवढं ध्यानात ठेवा!"

निव्हेस आणि खेळातला प्रियकर यांचा शेवटचा नाच सुरू झाला. नोकरानं उडी मारून प्रियकराला हुसकावायचं होतं. उडी पडली… पण चेहरा उघडा! इल्दाबाईंनी कपाळाला हात लावला. खेळातला प्रियकर बिचारा टोपी सावरत बाजूला झाला.

कानापर्यंत लाल झालेल्या एजिदिओनं हात पुढे केला.

"मुखवटा विसरलास?" ती कुजबुजली.

"नाही." त्यानं हात मागे घेतला नाही. "थांब ना, निव्हेस… मला आज विनोद सुचत नाहीये."

दोघं नाचू लागली. डावा पाय आधी, बोटांची फक्त टोकं. आज त्याचं काही म्हणजे काही चुकलं नाही. ओळ संपली. हात सोडायची वेळ झाली.

तिनं सोडला नाही.

"चुकलीस," तो पुटपुटला.

"माहितीये," ती म्हणाली, आणि तिनं त्याचा अख्खा हात घट्ट धरला.